चिपाडाची काच

"मास्तर, जपानात आमच्या चिपाडाची काच करत्यात म्हनं. खरं हाय का?" करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मालकानं विचारलं आणि मोबाईल पुढे केला. फॉरवर्डमध्ये लाकडापासून केलेली पारदर्शक फिल्म होती. खाली लिहिलं होतं, 'पोलादाच्या पाचपट मजबूत, प्लॅस्टिकचा खेळ खलास.'

ती काच नव्हे, कागद आहे. बहुतेक वेळा लाकडाच्या लगद्याचा, पण चिपाडाचाही करता येतो, कारण दोन्हींत मूळ पदार्थ एकच: सेल्युलोज. मग आपला कागद पांढरा आणि हा आरपार कसा?

याचं उत्तर भजीच्या पुडीत आहे. (छापील कागदात भजी बांधू नयेत, शाई पोटात जाते. पण एकदा बघून ठेवा.) तेल लागलेला डाग उजेडात धरला की आरपार दिसतो. तेलानं कागद बदललेला नसतो, फक्त त्यातली हवा हुसकावलेली असते. सेल्युलोजला स्वतःचा रंग नाही. पण कागदात तंतू आणि हवा आलटून पालटून असतात. प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, परततो, विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. तेल प्रकाशाला जवळपास सेल्युलोजइतकंच वळवतं, त्यामुळे प्रकाशाला सीमा जाणवतच नाही. हेच तेलाशिवाय साधायचं तर तंतू इतके बारीक हवेत, की त्यांच्यातल्या फटी प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरपुढे, नगण्य ठराव्यात. लगद्यातला तंतू 20 ते 40 मायक्रोमीटर, म्हणजे 20 ते 40 हजार नॅनोमीटर, जाड असतो. तो फार जाड झाला.

गंमत अशी की बारीक धागा बनवावा लागत नाही. झाडानं तो आधीच वळून ठेवलाय. ग्लुकोजच्या लांब साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसून 3 ते 4 नॅनोमीटर रुंदीचा स्फटिकी धागा होतो (यालाच नॅनोसेल्युलोज म्हणतात), आणि असे असंख्य धागे चिकटून लगद्याचा एक तंतू. आपल्याला फक्त सोडवायचंय. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टर्बाक नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी लगदा चक्क दुधाच्या होमोजनायझरमधून पुन्हा पुन्हा दाबून काढला. जेली झाली, पण वीज प्रचंड लागली आणि धागे जाड-बारीक निघाले.

खरी चावी टोकियो विद्यापीठातल्या अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांना 2006 च्या सुमारास सापडली. तिचं नाव टेम्पो. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे घेऊन जातो तो नव्हे. हा एक छोटा रेणू आहे. लगद्याच्या पाण्यात चिमूटभर टेम्पो, थोडं सोडियम ब्रोमाइड आणि आपलं ब्लीच घालायचं, पाणी अल्कधर्मी ठेवायचं. ब्लीच ऑक्सिडेशनची ताकद पुरवतं, टेम्पो ती नेमक्या जागी पोहोचवतो.

जागा कोणती, तर ग्लुकोजचा सहावा कार्बन. ग्लुकोजचा रेणू कड्यासारखा गोल असतो आणि हा कार्बन त्या कड्याच्या बाहेर डोकावतो. त्याच्या अल्कोहोल गटाचा कार्बोक्झिलेट होतो, म्हणजे तिथे ऋण प्रभार बसतो. आता नीट बघा. सेल्युलोजच्या साखळीत प्रत्येक ग्लुकोज शेजाऱ्याच्या मानानं 180 अंश उलटा बसलेला असतो. म्हणून धाग्याच्या पृष्ठभागावर एकाचा सहावा कार्बन बाहेर, पुढच्याचा आत, पुन्हा बाहेर. टेम्पोला फक्त बाहेरचे भेटतात, स्फटिकाच्या आत त्याला शिरकाव नाही. म्हणजे धाग्याचा गाभा शाबूत आणि अंगभर, एकाआड एक, ऋण प्रभार! शेजारच्या धाग्याचंही तेच. दोघे एकमेकांना ढकलू लागतात आणि मग साधारण मिक्सरसारख्या यंत्रानंही धागे सुटे होतात. मला तरी याच्या तुलनेत होमोजनायझर म्हणजे घणानं सुपारी फोडणं वाटतं. 2015 मध्ये या दोघांना, योशिहारू निशियामा यांच्यासह, मार्कुस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला, जो लाकूड आणि जंगलावरच्या संशोधनासाठी स्वीडनमध्ये दिला जातो.

हाती येते ती नितळ, बुळबुळीत जेली, रस निवळायला गुळव्या वापरतो त्या रानभेंडीच्या चिकासारखी. पसरून वाळवली की फिल्म.

आता फॉरवर्ड. पाचपट मजबुती एकेका सुट्या धाग्याची, फिल्मची नव्हे. असंख्य धाग्यांची फिल्म 200 ते 300 मेगापास्कल ताण घेते. प्लॅस्टिकच्या मानानं उत्तम, पण साध्या पोलादाच्याही खालीच. कोरडी असताना ती ऑक्सिजन छान अडवते, दमट हवेत मात्र ढिली पडते. गगनबावड्याच्या जुलैत तिच्यात बिस्किटं बांधू नका. आणि 'नॅनो' शब्द लावून गळ्यात घालायची ऊर्जादायी पदकं विकणाऱ्यांचा या नॅनोशी काडीचा संबंध नाही. इथे 'नॅनो' हे नुसतं माप आहे.

हे सगळं ऐकून मालकानं काहिलीकडे बोट केलं. "आन् पानी किती आटवायचं?" नेमकं दुखणं तेच. शंभर किलो उसाच्या रसात साधारण वीस किलो साखर-गूळ असतो, तरी काहील तासन्‌तास उकळते. जेलीत शंभराला एखाद-दोन किलोच धागे, बाकी पाणी. बरं, एकदा पूर्ण वाळवले की धागे पुन्हा असे चिकटतात की पाण्यात टाकूनही पहिल्यासारखे सुटत नाहीत. म्हणून जेली दूर पाठवायची तर ट्रकभर पाणीच पाठवावं लागतं.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत त्यानं जळव्याला हाक मारली, आणि चिपाडाचा आणखी एक भारा चुलवणात गेला.