लाइट गेली की रॅम सगळं का विसरते?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या पेढीवर हिशेबनीस सकाळपासून एक्सेलमध्ये आकडे भरत बसलेला असतो. मध्येच लाइट जाते, नेमका यूपीएसही दगा देतो आणि सेव्ह न केलेले आकडे जातात. काल सेव्ह केलेली फाईल मात्र जशीच्या तशी असते. कॉम्प्युटर तोच, मग कालचं राहिलं आणि आजचं गेलं, असं का?

कारण दोन्ही वेगवेगळ्या जागी होतं. मोबाइलचा दुकानदार ‘8-128’ म्हणतो तेव्हा 8 जीबी रॅम असते आणि 128 जीबी साठवण. आपण दोन्हीला मेमरीच म्हणतो, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. साठवणीतला मजकूर वीज नसतानाही टिकतो. हार्ड डिस्कवर तो चुंबकीय खुणांच्या रूपात असतो, तर एसएसडीत विद्युतरोधक थराआड कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या रूपात. रॅमचं काम मात्र निराळं आहे. प्रोसेसरला, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपला, आत्ता, या क्षणी जे लागतंय ते झटपट हाताशी देणं. सेव्ह न केलेले आजचे आकडे रॅममध्ये होते, कालची फाईल साठवणीत.

रॅमची पट्टी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. कॉम्प्युटर सुरू न होता नुसताच बीप-बीप करायला लागला, की राजारामपुरीतला दुरुस्तीवाला आधी ती पट्टी उपसतो, तिची सोनेरी टोकं खोडरबरने पुसतो आणि परत बसवतो. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं, कारण बिघाड चिपमध्ये नसतो, टोकांचा संपर्क नीट होत नसतो. त्या पट्टीवरच्या काळ्या चिपांमध्ये खरी गंमत आहे. 8 जीबीच्या पट्टीत 6800 कोटींहून जास्त कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा इवलासा स्विच, आणि एक सूक्ष्म कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, बस्स. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. 1968 मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं आणि आजही रॅम त्याच तत्त्वावर चालते.

कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर 1, नसला तर 0. अशा एका 0 किंवा 1 ला बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. तुम्ही ‘कोल्हापूर’ असं टाइप केलंत, तर संगणक त्याची क, ो, ल, ्, ह, ा, प, ू, र अशी नऊ चिन्हं धरतो. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे एकूण 27 बाइट, 216 कप्पे. नुसता ‘क’ घेतला तर तो 11100000 10100100 10010101 असा मांडला जातो. दहा ठिकाणी 1, चौदा ठिकाणी 0.

आता अडचण अशी की हा कपॅसिटर इतका लहान असतो की त्यातला भार धरून ठेवता येत नाही. उघड्या ताटलीतला कापूर उडून जावा तसा तो आपोआप ओसरतो. म्हणून रॅमला एक नेम पाळावा लागतो. भार पुरता जायच्या आत प्रत्येक कप्पा वाचायचा आणि त्यात जे होतं तेच पुन्हा भरायचं. याला रिफ्रेश म्हणतात. नेहमीच्या रॅममध्ये दर 64 मिलिसेकंदांत सगळ्या कप्प्यांवरून एक फेरी पुरी होते, म्हणजे सेकंदाला 15 पेक्षा जास्त फेऱ्या. चिप तापली की गळती वाढते. त्यामुळे तापमान 85 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की या फेऱ्या दुप्पट वेगाने कराव्या लागतात. पडद्यावर तुम्ही एक अक्षरही टाइप करत नसलात तरी हे काम अखंड चालू असतं. लाइट गेली की हा रिफ्रेश थांबतो, भार ओसरतो आणि रॅम सगळं विसरते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते वाचन. कप्पा वाचायचा म्हणजे त्याचा ट्रान्झिस्टर उघडून आतला भार एका तारेवर सोडायचा. त्या तारेवरचा विद्युतदाब अगदी किंचित बदलतो. टोकाला बसवलेलं संवेदनशील मंडळ तो बदल ओळखतं आणि वाढवून ‘1’ किंवा ‘0’ असा निकाल देतं. पण तोवर कप्प्यातला मूळ भार विस्कटलेला असतो, वाचल्यानेच तो पुसला जातो! म्हणून तेच मंडळ निकाल लगेच कप्प्यात परत भरतं. तेही एकट्या कप्प्यापुरतं नाही. डीडीआर4 या प्रकारच्या रॅमच्या बऱ्याच चिपांमध्ये एका ओळीत 8192 कप्पे असतात आणि एक बिट हवा असला तरी अख्खी ओळ उघडावी लागते.

वाचताना पुसलं जाणं जुन्या यंत्रांतही होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती होती, प्रत्येकी 40 बिटांचे 2048 गट मावतील एवढी. त्या कड्याही वाचल्यावर पुन्हा लिहाव्या लागत. पण चुंबकीय असल्याने वीज गेली तरी त्यांचं चुंबकत्व टिकत असे. ती सोय सोडून आपण डेनार्ड यांची रचना घेतली, कारण ती कमी जागेत, कमी पैशात प्रचंड साठा देते.

वीज गेल्यावरही रॅम त्याच क्षणी कोरी होत नाही. 2008 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की मजकूर काही सेकंद रेंगाळतो आणि चिप उणे 50 अंशांपर्यंत गार केली तर कित्येक मिनिटं. त्यांनी त्यातून कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या, डिस्क उघडणाऱ्या गुप्त किल्ल्याही बाहेर काढून दाखवल्या. हिशेबनिसाला याचा काही उपयोग नाही, पण गुप्त माहिती हाताळणाऱ्यांची त्यामुळे झोप उडाली.

रिफ्रेशची गरज नसलेली रॅमही असते, ती एसरॅम. तिच्या एका कप्प्याला साधारणपणे सहा ट्रान्झिस्टर लागतात, म्हणून ती महाग. प्रोसेसरच्या पोटात कॅश, म्हणजे सतत लागणारा मजकूर ठेवायची जागा, म्हणून ती थोडीच असते, पण वेगाने फार पुढे. तिलाही वीज लागतेच, मात्र नुसतं धरून ठेवायला अगदी नगण्य, एखाद्या छोट्या बॅटरीवर भागेल इतकी. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी, मशीन चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच सीएनसी कंट्रोलमध्ये मशीनचे पॅरामीटर, म्हणजे ते कसं चालायचं याची ठरवलेली मूल्यं, बॅटरीवर जपलेल्या एसरॅममध्ये असतात. तिथे बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवूनच. बंद करून काढली आणि नवी बसवायला वेळ लागला, तर पॅरामीटर जातात आणि बॅकअप हाताशी नसेल तर मशीन उभं राहतं.