डायकोनिया (मंडळीची सेवा)

डायकोनिया म्हणजे अडल्यानडल्या माणसाची काळजी घेण्याचं चर्चचं काम. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेवा, त्यातही पंगतीत वाढणारा करतो तसली सेवा, आणि डीकन (चर्चमधला सेवक) हे पद याच शब्दाच्या कुळातलं. बऱ्याच जणांना वाटतं की उपासना आणि उपदेश हे चर्चचं खरं काम, मग वेळ-पैसा उरला तर मदतकार्य, पण नवा करार (बायबलचा दुसरा भाग) नीट वाचला की असं म्हणायला जागाच राहत नाही.

याची मुळं जुन्या करारात आहेत. लेवीय 19 मध्ये शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडेचं पीक कापू नको, खाली पडलेला सरवा गोळा करू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली ती या नियमामुळेच.

नव्या मंडळीतली सुरुवातीची एक मोठी कुरबुर तर जेवणावरूनच झाली. प्रेषितांची कृत्ये 6 प्रमाणे यरुशलेमेत रोज वाटप व्हायचं आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जायच्या. प्रेषितांनी, म्हणजे येशूने निवडलेल्या शिष्यांनी, तक्रार दाबली नाही, नुसती प्रार्थना करा असंही म्हणाले नाहीत, मंडळीलाच सात माणसं निवडायला लावली आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, की मदत करणाऱ्यांनी आपल्याच मदतीतला अन्याय ऐकून घेतला.

काळजी खरी कधी, यावर याकोबाचं पत्र फार सरळ बोलतं: अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही अशा माणसाला नुसतं "सुखाने जा" म्हणून काय उपयोग? येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (शोमरोनी म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा माणूस) तर एकेक कृती सांगितलीय, लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला माणूस दिसला की तो त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो, सकाळी दोन दिनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. त्या जखमी माणसाचा धर्म कोणता, तो आपल्यात येणार का, हे तो विचारतसुद्धा नाही, आणि म्हणूनच मदतीच्या बदल्यात चर्चला यायची अट घालणं या दाखल्याच्या विरुद्ध जातं.

पहिल्या शतकांत हे काम झपाट्याने वाढलं. सन 251 च्या सुमाराच्या एका पत्रात बिशप कर्नेलियस लिहितो की रोमची मंडळी 1,500 हून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळते. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, त्यानेच तक्रार केली की हे लोक स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात. त्याच शतकात कैसरियाच्या बेसिलने आजारी, गरीब आणि वाटसरूंसाठी मोठं सेवाकेंद्र उभारलं. पुढे 1836 मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थला फ्लीडनर दांपत्याने डीकनेस (चर्चच्या सेविका) बायकांना नर्सिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलही 1851 मध्ये तिथे शिकून गेली.

रोजच्या मंडळीत मात्र डायकोनिया फार लहान दिसते. घरात मयत झालं की पहिला आठवडा माणसांची रीघ असते, मग ती आटते, आणि खरी गरज तिथून पुढे सुरू होते. महिन्याभराने कोणीतरी जाऊन बसतं, औषधं आणायला कोण जातं विचारतं, ऐकून घेतं, निघताना परत कधी येणार ते सांगतं आणि सांगितलेल्या दिवशी येतं. गरजूचा फोटो काढून सगळ्यांना दाखवणं यात बसत नाही, त्याची लाज राखणं हाही काळजीचाच भाग आहे.

पैशाचं पण तसंच. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा प्रेषित पौलाने ती एकट्याने नेली नाही, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली (2 करिंथ 8). आजही बऱ्याच चर्चमध्ये दानपेटी एकटा माणूस उघडत नाही, दोघं-तिघं मिळून मोजतात आणि वहीत सह्या करतात.