बायपासनंतरची ‘रक्त पातळ करायची’ गोळी रक्त पातळ करतच नाही

बायपास झालेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात एक बारीकशी गोळी हमखास असते. ऍस्पिरिन, 75 किंवा 100 मिलिग्रॅमची वगैरे. घरात तिला सगळे रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, डॉक्टरही तसंच सांगतात कारण सांगायला सोपं पडतं. पण रक्त आहे तेवढंच दाट राहतं, फरक पडतो तो फक्त प्लेटलेट्सच्या, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशींच्या, चिकटपणात. आणि हे नाव चुकीचं असल्यामुळेच लोक मग विचारतात की ऑपरेशन तर झालं, ब्लॉकेज गेलं, आता रक्त पातळ कशाला करायचं?

पहिली गोष्ट, ब्लॉकेज कुठेही गेलेलं नसतं. ते जागच्या जागी असतं, सर्जनने फक्त त्याला वळसा घालून रक्ताला दुसरी वाट काढून दिलेली असते. त्यासाठी छातीच्या आतली एक धमनी वापरतात आणि बाकीच्या वाटांसाठी बहुतेक वेळा पायातली शीर काढतात. ही शीर उलटी करून जोडावी लागते कारण तिच्यात रक्त एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या झडपा असतात, सरळ जोडली तर त्या झडपाच रक्त अडवतील! आता बघा, या शिरेचं आयुष्य गेलं शांतपणे, कमी दाबाखाली रक्त वर पोचवण्यात, आणि अचानक तिला धमनीच्या जागी बसवलं, जिथे दर ठोक्याला 120 च्या आसपास दाब येऊन आदळतो. त्यात काढताना, धुताना, शिवताना तिच्या आतलं गुळगुळीत अस्तर थोडंफार खरवडलं जातंच, सर्जन कितीही हळुवार हाताचा असला तरी.

प्लेटलेट्सना हेच हवं असतं. एरवी त्या चपट्या चकत्यांसारख्या वाहत असतात, पण अस्तर सुटलेली जागा दिसली की तिथे चिकटतात, अंगातून काटे फुटल्यासारखा आकार बदलतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना बोलावतात. बोट कापलं तर ही देवाची कृपा, पण चारेक मिलिमीटरच्या नव्या ग्राफ्टमध्ये, म्हणजे जोडलेल्या शिरेत, हाच प्रकार झाला तर गुठळी होऊन वाट बंद. पायाच्या शिरांचे काही ग्राफ्ट पहिल्या महिन्यातच बंद पडतात ते मुख्यतः यामुळे. पुढच्या वर्षांत भिंत जाड होणं, चरबी साठणं हे वेगळे त्रास सुरू होतात, तिथे स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं, काम जास्त. छातीतली धमनी मात्र वस्ताद, दहा वर्षांनीही दहातल्या नऊ चालू सापडतात, पायाच्या शिरांचं प्रमाण जुन्या अभ्यासांत जेमतेम निम्म्याच्या आसपास आलंय.

ऍस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइमच कायमचं निकामी करतं. हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये उलगडायला सुरुवात केली आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, तिचं सात ते दहा दिवसांचं उरलेलं आयुष्य ती तशीच मुकी राहते. म्हणून एवढीशी गोळी दिवसातून एकदा पुरते. पण रोज साधारण 10 टक्के प्लेटलेट्स नव्या येतात, त्या बोलक्या असतात, म्हणजे एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही पण आठवडाभर बंद ठेवली तर जवळजवळ सगळं पूर्वपदावर.

2002 साली 5,000 वर बायपास पेशंट्सचा एक अभ्यास आला, त्यात ऑपरेशननंतर 48 तासांत ऍस्पिरिन मिळालेल्यांत मृत्यू 1.3 टक्के आणि न मिळालेल्यांत 4 टक्के. आकडा जबरदस्त आहे, पण मला वाटतं जरा जपून वाचावा, कारण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते आणि ज्यांना गोळी दिली नाही ते मुळात जास्त आजारी असू शकतात. तरी आज ऑपरेशननंतर रक्तस्राव आटोक्यात असेल तर काही तासांतच ऍस्पिरिन सुरू करतात.

मग दोन गोळ्या दिल्या तर दुप्पट फायदा? इथे भांडण आहे. 2018 मध्ये चीनमधल्या 500 पेशंट्सच्या चाचणीत ऍस्पिरिनसोबत टिकाग्रेलॉर ही प्लेटलेट्सवरचीच दुसरी गोळी दिल्यावर वर्षाने 88.7 टक्के शिरेचे ग्राफ्ट चालू होते, नुसत्या ऍस्पिरिनवर 76.5. पण 2025 मध्ये नॉर्डिक देशांतली बरीच मोठी चाचणी आली, हार्ट अटॅक किंवा तशाच तातडीच्या त्रासानंतर बायपास झालेल्यांची, तिच्यात दुसऱ्या गोळीने वर्षभरात मृत्यू, अटॅक, स्ट्रोक कमी झाले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र दुपटीहून जास्त झाला. त्यामुळे शेजाऱ्याला दोन गोळ्या आहेत आणि मला एकच का, असं डॉक्टरशी भांडू नका, कुणाला किती हे रक्तस्रावाचा धोका बघून ठरतं. दुसरी गोळी म्हणून कधी क्लोपिडोग्रेल देतात, त्याची एक खोड, ते लिव्हरमध्ये गेल्यावरच कामाचं होतं आणि ऍसिडिटीवरचं ओमेप्राझोल त्यात खोडा घालतं, म्हणून पोटासाठी गोळी लागली तर विचारूनच घ्या.

तसंच गुडघेदुखीसाठी आपल्या मनाने आयब्युप्रोफेन घेणं. ते त्याच एन्झाइमच्या त्याच जागेवर जाऊन बसतं, मागून आलेल्या ऍस्पिरिनला जागाच मिळत नाही, आणि आयब्युप्रोफेन स्वतः काही तासांनी उठून जातं. एन्झाइम परत मोकळं, आणि ऍस्पिरिन तोवर रक्तातून गेलेलं असतं.