उरीयाचा खून आणि चौपट भरपाई

बायबलच्या जुन्या करारातील शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात येणारी, इस्राएलाचा राजा दावीद याच्या अपराधाची हकिकत समजून घ्यायची, तर ‘चौपट’ या एका शब्दापासून सुरुवात करावी लागते. सैन्य अम्मोनी या शत्रू लोकांच्या राब्बा शहराला वेढा घालून बसले असताना यरुशलेमेत मागे राहिलेल्या राजाने उरीया हित्ती या आपल्याच योद्ध्याच्या पत्नीला, बथशेबेला, राजवाड्यात आणवले आणि तिला दिवस गेल्याचे कळल्यावर उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी एकटे सोडण्याची आज्ञा सेनापती यवाबाला लिहिली. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले आणि उरीया लढाईत मारला गेला.

श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावल्याची गोष्ट देवाचा निरोप सांगणाऱ्या नाथान संदेष्ट्याने राजाला सांगितली, तेव्हा तो माणूस आपणच हे न ओळखता राजाने निवाडा दिला, की त्याने चौपट भरून द्यावे. हे माप ‘निर्गम’ या बायबलमधील नियम सांगणाऱ्या ग्रंथातील आहे. चोरून कापलेल्या वा विकलेल्या मेंढराबद्दल तेथे चार मेंढरांचा दंड सांगितला आहे. तालमुद या यहुदी धर्मचर्चांच्या संग्रहातील ‘योमा’ या भागात रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, तोच दंड राजाच्या घरावर मोजला: बथशेबेचे बाळ दगावले, राजाची मुलगी तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन याने बलात्कार केला, अम्नोनाचा खून झाला आणि राजाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्धच्या बंडात मारला गेला.

राजाने पाप कबूल केले व त्याला क्षमा मिळाली. मात्र त्या बाळाचा आणि तामारेचा काय अपराध होता? माझ्या मते या कथेतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. इ.स.पू. ५८६मध्ये यरुशलेम पडले, त्या काळात ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही, बापांच्या पापाची शिक्षा मुलांना भोगावी लागते अशा अर्थाची म्हण लोकांच्या तोंडी होती. जो पाप करील तोच मरेल, असे सांगून यहेज्केल संदेष्ट्याने ती खोडून काढली.

पुढे बायबलमधीलच ‘इतिहास’ या ग्रंथाने राब्बाचा वेढा ठेवला आणि बथशेबेचे प्रकरण गाळले, तर तालमुदाच्याच ‘शब्बात’ या भागात दाविदाने पाप केलेच नाही, असा बचावही नोंदला गेला. मिलानचे बिशप अँब्रोज यांना तो बचाव नको होता. रोमी सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी थेस्सलनीका शहरात केलेल्या कत्तलीनंतर, इ.स. ३९०मध्ये, त्या सम्राटाला पश्चात्ताप करायला लावताना त्यांनी याच राजाची कबुली पुढे ठेवली. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने तर येशूच्या वंशावळीत बथशेबेचे नाव न घेता, दाविदाला शलमोन हा मुलगा उरीयाच्या पत्नीपासून झाला, असेच लिहिले.