काढ्याच्या तळाशी बसलेली पांढरी पूड

1804 साली बर्लिनमधले औषधनिर्माते व्हॅलेंटाइन रोझ यांनी इन्युला हेलेनियम या औषधी वनस्पतीच्या मुळांचा काढा करून तसाच ठेवला. काढा निवला तशी तळाशी पांढरी पूड बसली. दिसायला स्टार्चसारखी, पण स्टार्च नव्हे. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस थॉमसन यांनी पुढे तिला वनस्पतीच्याच नावावरून ‘इन्युलिन’ म्हटलं. आपले वैद्य खोकला-दम्यावर देतात ते पुष्करमूळ या वनस्पतीच्याच हिमालयातल्या सख्ख्या बहिणीचं, इन्युला रेसिमोसाचं.

इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज या साखरेच्या रेणूंची लांब साखळी. साखरेच्या अशा लांब साखळीला पॉलिसॅकराइड म्हणतात. 1864 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी अल्कोहोल वापरून कंदमुळांतलं इन्युलिन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मुळांतली पॉलिसॅकराइडं वेगळी काढण्याची रीत आजही फारशी बदललेली नाही. वाळलेलं मूळ दळायचं, पाण्यात उकळायचं, गाळून आटवायचं आणि त्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतायचं. धार पडताच काढ्यात कापसासारखे पुंजके धरतात. ते बघताना दरवेळी नवल वाटतं.

अँटिऑक्सिडंटची, म्हणजे फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर, पेशींना इजा करणारे रेणू शमवणाऱ्या पदार्थांची कथा बरीच नंतरची. 1956 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचा संबंध या फ्री रॅडिकलशी जोडला. 1958 मध्ये मार्सडन ब्लॉइस यांनी डीपीपीएच या गडद जांभळ्या, स्वतःच रॅडिकल असलेल्या रसायनाची चाचणी मांडली: नमुना मिसळल्यावर जांभळा रंग उतरून पिवळा झाला, की त्यात रॅडिकल शमवण्याची ताकद आहे. चाचणी स्वस्त आणि झटपट. मग शतावरीपासून चीनमधल्या हुआंगचीपर्यंत कितीतरी मुळांची पॉलिसॅकराइडं या परीक्षेला बसली.

इथे मात्र सावध राहायला हवं. डीपीपीएच विरघळवतात ते बहुधा अल्कोहोलमध्ये, आणि पॉलिसॅकराइड तर अल्कोहोलमध्येच खाली बसतं! शिवाय मुळातली पॉलिफेनॉल (वनस्पतींतली रॅडिकल शमवणारी द्रव्यं) आणि प्रथिनं त्या पुंजक्यांना चिकटून येतात. रंग उतरवण्याचं काम पुष्कळदा तीच करतात आणि श्रेय साखळीला मिळतं. म्हणून ‘अँटिऑक्सिडंट पॉलिसॅकराइड’ असा दावा वाचला, की मी आधी नमुना किती शुद्ध केला होता ते शोधते.

परीक्षानळीतला रंग आणि शरीरातला परिणाम यांतही मोठं अंतर आहे. इन्युलिन आपल्या लहान आतड्यात पचत नाही. ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते आंबवून त्याची लघुशृंखल मेदाम्लं बनवतात. रक्तात पोचतात ती ही आम्लं, साखळी नव्हे.