मूळचा गिअरबॉक्स आणि मागाहून जोडलेला रिडक्शन ड्राइव्ह

छोट्या विमानासाठी पर्यायी इंजिन शोधणाऱ्यापुढे बहुधा दोन प्रकार येतात, आणि कागदावर ते जवळजवळ सारखेच दिसतात. पहिले ऑस्ट्रियाचे रोटॅक्स 912 यूएलएस: 1352 घन सेंटिमीटरचे, 5800 आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) 100 अश्वशक्ती देणारे आणि 2.43 पट वेग कमी करणारा गिअरबॉक्स कारखान्यातूनच घेऊन येणारे. दुसरे मोटारीतून काढलेले इंजिन, उदाहरणार्थ सुबारूचे 2.2 लिटरचे ईजे22, ज्याला रिडक्शन ड्राइव्ह, म्हणजे वेग कमी करणारी यंत्रणा, वेगळा घेऊन जोडतात. दोन्ही चार सिलिंडरची, बॉक्सर बांधणीची (सिलिंडर समोरासमोर आडवे असलेली) आणि वेगाने फिरणारी असल्यामुळे दुसरे म्हणजे पहिल्याचाच स्वस्त अवतार, असा समज सहज होतो.

वेग कमी करण्याची गरज मात्र दोघांनाही सारखीच आहे. 1.8 मीटर व्यासाचा प्रोपेलर 5500 आरपीएमने थेट फिरवला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 518 मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या बराच पुढे जातो. मग शक्ती ओढण्याऐवजी गोंगाटात खर्च होते. 2.43 ने भागल्यावर हाच वेग सुमारे 213 मीटरवर येतो, आणि वर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोरही, त्याच पटीत वाढतो. सेस्ना 150 मधील कॉन्टिनेन्टल ओ-200 हे 100 अश्वशक्ती 2750 आरपीएमलाच देते, त्यामुळे त्याला गिअरबॉक्स लागतच नाही. त्याची किंमत ते मोठ्या आकारमानाने आणि जादा वजनाने चुकवते.

खरा फरक दातांच्या संख्येत नसून कंपनात आहे. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे क्रँकशाफ्ट एकसारखा फिरत नाही, तर धक्क्याधक्क्याने पुढे सरकतो. प्रोपेलर मात्र जड, आपला वेग न सोडणारा. या दोघांच्या मध्ये सापडलेले गिअरचे दात एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने आपटतात, आणि धक्क्यांची लय शाफ्टच्या नैसर्गिक लयीशी जुळली, तर पीळ वाढत जाऊन दात किंवा शाफ्टच तुटू शकतो. मोटारीत क्लचच्या स्प्रिंगा, लवचीक जोड आणि टायर हे धक्के पोटात घालतात. विमानात त्यांपैकी काहीच उरत नाही.

रोटॅक्सने हा प्रश्न इंजिनाबरोबरच सोडवला आहे. गिअरबॉक्सच्या आत स्प्रिंगांनी दाबलेला कंपनशामक जोड असतो, जो ठरावीक अंश मोकळा फिरू देतो. तपासणीत क्रँकशाफ्ट अडकवून, पात्याला स्प्रिंग काटा लावून ओढतात आणि त्या मोकळ्या फिरण्यात किती रोध लागतो ते मोजतात. रोध घटला असेल, तर जोड झिजला आहे, असे समजते. कारखान्याच्या पुस्तिकेत प्रोपेलरच्या जडत्व आघूर्णाची (फिरण्याचा वेग बदलण्याला तो करतो त्या विरोधाची) मर्यादाही दिलेली असते, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर ही एकच प्रणाली धरलेली असते. इंजिन फार मंद गतीवर ठेवू नये, हा नियम त्यातूनच आला आहे.

मागाहून जोडलेल्या ड्राइव्हमध्ये हा मेळ बांधणाऱ्याला स्वतः घालावा लागतो. दातेरी पट्ट्याचा ड्राइव्ह धक्के थोडे पचवतो आणि बिघाड डोळ्यांना दिसतो, पण पट्ट्याचा ताण क्रँकशाफ्टला बाजूला ओढतो, म्हणून वेगळे बेअरिंग लागते. गिअरचा ड्राइव्ह आटोपशीर असतो, मात्र दोनच चाकांचा असेल, तर फिरण्याची दिशा उलटते, आणि प्रोपेलर त्याप्रमाणे निवडावा लागतो. माझ्या मते पट्टा की गिअर हा प्रश्न दुय्यम आहे. विकणाऱ्याला विचारावे की नेमक्या याच इंजिनावर, याच फ्लायव्हीलवर (क्रँकशाफ्टवरच्या जड चाकावर) आणि याच प्रोपेलरवर पिळाचे कंपन मोजले आहे का. उत्तर मोघम आले, तर किंमत कितीही आकर्षक असो, तो सौदा सोडलेला बरा.

कारखान्यातून आलेला गिअरबॉक्सही गैरवापराने बिघडतो. 1958 पासून विकल्या गेलेल्या सेस्ना 175 मध्ये जीओ-300 हे गिअरचे इंजिन होते, 3200 आरपीएमला चालण्यासाठी बांधलेले. गिअरबॉक्स नसलेल्या थेट इंजिनाची सवय असलेल्या वैमानिकांना तो आवाज जास्त वाटे, म्हणून ते वेग कमी ठेवत. त्यामुळे इंजिनाची आणि गिअरची झीज वाढली, आणि या विमानाचे नाव खराब झाले ते मुख्यतः याच कारणाने.