टक्के की ग्रॅम? प्रोटीन, कार्ब्स आणि फॅटचा हिशेब कशात मांडायचा

जिम सुरू केली की पंधरा दिवसांच्या आत दोन आकडे कानावर पडतात. पहिला डाएट चार्टवरचा, 40-30-30. म्हणजे दिवसभराच्या कॅलरींपैकी 40 टक्के कार्ब्समधून, 30 टक्के प्रोटीनमधून आणि 30 टक्के फॅटमधून. दुसरा आकडा कुणीतरी डंबेल खाली ठेवता ठेवता सांगतो, "वजनाच्या दीडपट प्रोटीन गेलं पाहिजे." वजन 60 किलो असेल तर 90 ग्रॅम. दोघं एकच गोष्ट सांगतायत असं वाटतं आणि मग एकाच्या जागी दुसरा आकडा सर्रास वापरला जातो. खरं तर टक्का हा वाटा आहे आणि ग्रॅम हे माप. स्नायूंना लागतं ते माप. ताटात प्रोटीनचा वाटा कितवा पडला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

एकातून दुसऱ्यात जायचा रस्ता सोपा आहे. प्रोटीन आणि कार्ब्सच्या एका ग्रॅममागे साधारण 4 कॅलरी, फॅटच्या एका ग्रॅममागे 9. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आलेले हे आकडे आजही पाकिटामागच्या तक्त्यात चालतात.

आता घोळ कुठे होतो ते पाहू. समजा एक बाई आहेत, वजन 60 किलो, आठवड्यातून तीन-चार दिवस वेट ट्रेनिंग करतात. रोजचं खाणं 1,900 कॅलरींचं आणि त्यातलं 20 टक्के प्रोटीन. म्हणजे 380 कॅलरी, 95 ग्रॅम, दर किलोमागे जवळपास 1.6 ग्रॅम. अगदी उत्तम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सर्वसाधारण निरोगी प्रौढांसाठीची शिफारस 0.83 ग्रॅमची आहे. वेट ट्रेनिंग करणाऱ्यांवरच्या 49 प्रयोगांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात स्नायूवाढीचा फायदा सरासरी 1.6 च्या आसपास थांबलेला दिसला. त्यामुळे बाईंचं गणित बरोबर बसलंय.

मग त्या ठरवतात, चरबी कमी करायची. खाणं 1,400 कॅलरींवर आणतात, चार्ट मात्र तोच ठेवतात, 20 टक्के प्रोटीन. पण 1,400 चे 20 टक्के म्हणजे 280 कॅलरी, फक्त 70 ग्रॅम. चार्ट पाळला आणि प्रोटीन रोज 25 ग्रॅमनी घटलं. तेही नेमक्या चुकीच्या वेळी, कारण कॅलरी कमी पडत असताना शरीर चरबीसोबत स्नायूही मोडून खातं आणि तेव्हाच प्रोटीन टिकवून धरायचं असतं. काटा खाली सरकतो, बाई खूश होतात, आणि उतरलेल्या किलोंमध्ये स्नायू किती गेले हे काटा सांगत नाही.

हिशेब उलटा मांडायचा. आधी प्रोटीन ग्रॅममध्ये ठरवा: 95 ग्रॅम, म्हणजे 380 कॅलरी. मग फॅट, दर किलोमागे 0.8 ग्रॅम धरलं तर 48 ग्रॅम, 432 कॅलरी. फॅटला कात्री लावताना फार हात चालवू नये. हार्मोन्ससाठी आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जाण्यासाठी ते लागतंच. उरल्या 588 कॅलरी, त्या कार्ब्सच्या: 147 ग्रॅम. हे सगळं झाल्यावर हवं तर टक्के काढा. कार्ब्स 42, प्रोटीन 27, फॅट 31. गंमत म्हणजे हे 40-30-30 च्या अगदी शेजारी आलं! नव्वदच्या दशकात अमेरिकेत झोन डाएटमुळे गाजलेलं हे प्रमाण वजन उतरवणाऱ्या अनेकांना लागू पडतं ते यामुळेच. त्या आकड्यात जादू नाही, कॅलरी कमी असल्या की प्रोटीनचा वाटा आपोआप फुगतो.

तोच चार्ट धावणाऱ्याच्या हाती दिला की बिघडतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारा 65 किलोचा एक जण घ्या, खाणं 2,600 कॅलरी. 40 टक्के कार्ब्स म्हणजे 260 ग्रॅम, दर किलोमागे 4. रोज तासाभराच्या आसपास धावणाऱ्यांसाठी क्रीडा-आहारात 5 ते 7 ग्रॅम सांगितले जातात, त्याहून लांब सराव असेल तर आणखी जास्त. कारण स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कार्ब्समधूनच भरतो. हा गडी रविवारच्या लाँग रनला विसाव्या किलोमीटरच्या आतच ढेपाळतो आणि दोष बुटांना देतो. त्याला 6 ग्रॅमप्रमाणे 390 ग्रॅम कार्ब्स दिले, 100 ग्रॅम प्रोटीन दिलं, तर फॅटला 71 ग्रॅम उरतात. टक्क्यांत हे 60-15-25. "प्रोटीन फक्त 15 टक्के?" असं म्हणून जिमवाले नाक मुरडतील, पण दर किलोमागे दीड ग्रॅम तिथेही पुरेपूर आहे.

मग टक्के कुणाच्या कामाचे? देशाच्या. एकेका माणसाचं वजन आणि श्रम माहीत नसताना कोट्यवधी लोकांना सल्ला द्यायचा, तर वाट्याची भाषाच सोयीची. जागतिक आरोग्य संघटना एकूण फॅट 30 टक्क्यांपर्यंत आणि वरून घातलेली साखर 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते ती याच भाषेत. स्वतःच्या ताटाला मात्र वाटा शेवटी पडताळणीपुरता वापरावा.

यात आणखी एक टक्का घुसतो, तो सगळ्यात फसवा. टोन्ड दुधाच्या पिशवीवर 3 टक्के फॅट लिहिलेलं असतं. हा वजनाचा टक्का आहे. 100 ग्रॅम दुधात 3 ग्रॅम फॅट, म्हणजे 27 कॅलरी, आणि त्या दुधाच्या एकूण कॅलरी साधारण 58. कॅलरींच्या हिशेबात फॅट 45 टक्क्यांच्या पुढे गेलं. दुधात पाणीच जास्त, म्हणून वजनाचा टक्का एवढासा दिसतो. शेंगदाण्याचंही तसंच. वजनाने चौथा हिस्सा प्रोटीन असतं हे खरं, पण 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 567 कॅलरी असतात आणि प्रोटीनच्या त्यातल्या शंभरच. मूठभर दाणे "प्रोटीनसाठी" खाणारा माणूस बहुतांशी तेल खात असतो. दाण्याची चटणी झकास लागते, खावी, पण फॅटच्या खात्यात लिहून.

शाकाहारी माणसाला ग्रॅमचा हिशेब जरा जास्तच झोंबतो. मघाचे 95 ग्रॅम नुसत्या तूरडाळीतून काढायचे तर कच्ची डाळ सव्वाचारशे ग्रॅमच्या वर लागते, कारण 100 ग्रॅम डाळीत 22 ग्रॅमच प्रोटीन. आणि तेवढ्या डाळीच्या कॅलरीच 1,400 च्या पुढे. पूर्ण दिवसाचं खाणं वरणात संपलं, भाकरीला जागाच नाही! म्हणून कमी कॅलरींत प्रोटीन देणारं काहीतरी लागतंच. 50 ग्रॅम सोया चंक्समध्ये 26 ग्रॅम मिळतं. घट्ट दही, कमी फॅटचं पनीर, चालत असतील तर अंडी, एकाचं साधारण 6 ग्रॅम. व्हेचा, म्हणजे दुधापासून बनवलेल्या प्रोटीन पावडरचा, एखादा स्कूप घेतला तरी आभाळ कोसळत नाही, पण तो भर म्हणून. डाळ-उसळीला पर्याय म्हणून डबाच पुढे करणाऱ्यांचं मला पटत नाही.

ग्रॅमच्या मापालाही एक खोट आहे. 110 किलोच्या स्थूल माणसाने 1.6 ने गुणलं तर 176 ग्रॅम येतात, आणि ते निरर्थक आहे, कारण चरबीला एवढं प्रोटीन लागत नाही. अशा वेळी आत्ताच्या वजनाऐवजी जिथे पोचायचं ते वजन धरावं. 80 धरलं तर 128 ग्रॅम, जे खाऊन दाखवता येतं. किडनीचा त्रास असेल तर यातला कुठलाच आकडा आपला आपण लावू नये, तिथे माप डॉक्टरांनीच ठरवायचं. बाकीच्यांनी महिनाभर ग्रॅम धरून पाहावं, आणि वजन चार-पाच किलोंनी बदललं की पुन्हा वही काढावी.